एफ३० च्या जागी ५० मिमीची ब्रॅड नेलर: गणपती ते मे, वापरानंतरचा अनुभव

गणपतीच्या तोंडावर आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या एफ३० गनने, म्हणजे कंप्रेसरच्या हवेवर लाकडात बारीक पिना मारणाऱ्या गनने, मान टाकली. पिन ढकलणारं ब्लेड टोकाला झिजून गोल झालं होतं, त्यामुळे पिनांची डोकी वर राहायची आणि मग पंच आणि हातोडी घेऊन एकेक ठोकत बसायचं. ट्रिगरपाशी हवा गळायची. आतल्या रबरी ओ-रिंग बदलून पाहिल्या, चार दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. दुकानदाराचं म्हणणं होतं की तीच एफ३० परत घ्या, स्वस्तात काम होईल. स्वस्तात झालं असतं हे खरं, पण कामं बदलली होती.

एफ३० मधला ३० म्हणजे पिनेची जास्तीत जास्त लांबी, मिलिमीटरमध्ये. प्लायच्या कडेला आठ मिमीची सागाची लिपिंग मारायची असेल तर ३० ची पिन भरपूर झाली. पण दाराच्या चौकटीवरची १८ मिमीची पट्टी किंवा जाड स्कर्टिंग आलं की आतल्या लाकडात जेमतेम १२ मिमी शिरणार. पट्टीच्या जाडीच्या साधारण तिप्पट खिळा हा आमच्या मिस्त्रीकाकांचा हिशोब, त्याने तिथे ५० च लागते. म्हणून ५० मिमीपर्यंतच्या पिना मारणारी ब्रॅड नेलर घेतली. गेज, म्हणजे पिनेची जाडी (आकडा मोठा तितकी पिन बारीक), दोन्हीकडे १८ च असल्यामुळे घरात पडून असलेले एफ३० च्या पिनांचे खोकेही नव्या गनला चालले. एक सांगून ठेवतो, विटांच्या भिंतीत ब्रॅड, म्हणजे या गनची पिन, जात नाही. मागे प्लायची किंवा लाकडाची पट्टी आधी स्क्रूने बसवावीच लागते. व्हिडिओ पाहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना हे दर वेळी समजावावं लागतं.

दुसरं कारण सेफ्टीचं. आपल्या बाजारातल्या बऱ्याच स्वस्त एफ३० गनच्या नाकाला सेफ्टी टोक नसतं. ट्रिगर दाबला की पिन सुटली, समोर लाकूड असो की कोणाचा हात. नव्या गनचं नाक लाकडावर दाबल्याशिवाय ती उडतच नाही. वर्कशॉपमध्ये शिकाऊ पोरं असताना एवढ्या एका गोष्टीसाठी मी जास्त पैसे मोजायला तयार होतो.

बॅटरीची गनही पाहिली. डिवॉल्टमध्ये फ्लायव्हील फिरतं, मिलवॉकीच्या एम१८ फ्युएलमध्ये नायट्रोजन भरलेला सिलिंडर असतो, रायोबीची एअरस्ट्राइक आतल्या आत हवा दाबते. साइटवर ही चैन आहे. कंप्रेसर लिफ्टमधून चढवायला नको, आणि दुपारी दोन ते चार सोसायटीत आवाज बंद असतो तेव्हा कंप्रेसरच्या धडधडीवरून वॉचमन वर येत नाही. पण वजन हवेच्या गनच्या जवळपास दुप्पट, आणि छताजवळची कॉर्निस मारताना ते मनगटाला कळतं. बॅटरी-चार्जर धरून किंमतही कुठल्या कुठे जाते. अमेरिकेहून कोणी आणून देणार असेल तर चार्जर १२० व्होल्टचा असतो हे आधी लक्षात घ्या. आमचं निम्म्याहून जास्त काम वर्कशॉपमध्ये होतं आणि कंप्रेसर दारातच आहे, म्हणून हवेचीच घेतली. ब्रँड लिहीत नाही. जवळजवळ एकाच घडणीच्या गन वेगवेगळ्या लेबलखाली मिळतात.

आता वापराचं. सगळ्यात जास्त उपयोगाला आलं ते नाकाजवळचं चाक, पिन किती खोल जावी ते ठरवणारं. जुन्या गनला खोली कमी-जास्त करायची म्हणजे हवेचा दाब बदलणाऱ्या रेग्युलेटरशी खेळायचं. सागाला जमवलेला दाब एमडीएफवर नेला की पिन मोल्डिंगच्या आरपार. आता दाब ८० पीएसआयवर ठेवतो आणि चाक फिरवतो. तुकड्यावर एक पिन मारून बघायची, डोकं पृष्ठभागाच्या खाली मिमीभर गेलं की झालं. त्या खड्ड्यात पुट्टी नीट धरते. कमी गेलं तर घासताना डोकं चमकतं, जास्त गेलं तर पुट्टी सुकून बसते आणि पॉलिशवाला दुसऱ्यांदा भरायला लावतो. पूर्वी पॉलिशवाला आला की "दादा, पिना दिसतायत" हे ठरलेलं वाक्य असायचं. हल्ली तो दुसऱ्या तक्रारी करतो.

नाक अरुंद आहे, त्यामुळे बीडिंगच्या खाचेत पिन नेमकी कुठे जाणार ते दिसतं. नाकावरची रबरी टोपी मात्र सैल आहे. एकदा भुशात पडली ती झाडताना सापडली. टोपीशिवाय पाइनवर नाकाचा चौकोनी ठसा उमटतो.

गन कोणतीही घ्या, एक गोष्ट पाळा. ब्रॅडचं टोक छिन्नीसारखं असतं. प्लायच्या थरात किंवा गाठीवर आपटलं की खिळा वळतो आणि कडेने, कधी थेट सनमायका फोडून, बाहेर येतो. मॅगझिन, म्हणजे गनचा पिना भरायचा भाग, पट्टीच्या लांबीला आडवं धरलं तर वळलेला खिळा लांबीच्या दिशेने जातो, बाहेर डोकावत नाही. पट्टी धरणारा हातही खिळ्याच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर हवा. शिकाऊ पोराला आमच्याकडे आधी हेच शिकवतात.

तक्रारीही आहेत. हवेच्या तोंडात रोज दोन-तीन थेंब तेल टाकावं लागतं आणि तेच तेल एक्झॉस्टमधून बारीक फवाऱ्यासारखं उडतं. पॉलिश व्हायच्या लाकडावर ते बसलं की पीयू पॉलिशमध्ये डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात, मग घासा पुन्हा. एक्झॉस्टचं झाकण फिरतं, पण फिरवायची आठवण कोणाला राहते! आता सकाळी तेल टाकलं की आधी रद्दी लाकडावर पाच-सहा पिना मारतो. मॅगझिनची खिडकी इतकी बारीक आहे की पिना संपल्याचं कळत नाही, आणि रिकामी गन अडवणारं लॉक या मॉडेलमध्ये नाही. कोरा फटका बसला की बीडिंगवर नुसता खड्डा.

पिन अडकली तर पुढची खिटी उघडून काढता येते, पाना लागत नाही. अडकण्याचं प्रमाण गनपेक्षा पिनांवर ठरतं. सुट्या मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्यांचा गोंद पावसाळ्यात सुटतो आणि दोन पिना एकदम नाकात शिरतात. त्याच दिवसांत कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. संध्याकाळी खालचा कॉक उघडला की तांबूस पाणी येतं. ते सोडलं नाही तर गनच्या आत जातं.

महिन्यातून एखादी फ्रेम बनवणाऱ्याला एवढी गन नको, सेफ्टी टोक असलेली एफ३० शोधून घ्या. पाच-सहा मिमीच्या नाजूक बीडिंगला तर १८ गेजही जाड पडतं, टोकाशी पट्टी चिरते. तिथे २३ गेजची बिनडोक्याची पिन आणि फेविकॉल. पैसे देण्याआधी दुकानात ब्लेड आणि ओ-रिंगचा किट मागा. "मागवून देतो" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. आम्ही तो किट गनबरोबरच घेतला, अजून उघडायची वेळ आलेली नाही.