कुलूप बिघडलेलंच नव्हतं, तरी 10,380 रुपये गेले : बडोदेकरांनो, सावध राहा

199 रुपये व्हिजिटिंग चार्ज सांगितला होता. घेतले 10,380. आणि हे सगळं अशा कुलपासाठी, ज्याला काहीही झालेलं नव्हतं.

नेटवर शोधायचं, पहिला नंबर लावायचा, गोड बोलणारी मुलगी फोन उचलणार, घरी येणारा माणूस वेगळंच काही तरी सांगणार आणि बिल फुगत जाणार. हा प्रकार तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होता. एसीवाले, गीझरवाले, वॉशिंग मशीनवाले हेच करतात, त्यांना मी आजवर दारातूनच परत पाठवलं आहे. नोकरीत सगळं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलं. तेव्हा "बायकांना काय कळतं, म्हणून फसल्या" असं कोणी म्हणणार असेल, तर त्याने आधी पुढचं वाचावं.

आमचा फ्लॅट कारेलीबागेत आहे. दार सागवानी, जुनं, त्याला मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेलं कुलूप. यंदाच्या पावसात चावी अर्ध्यावर अडायला लागली. दार उघडायचं, पण बाहेरून बंद करताना चावी फिरता फिरेना. मुलीची बाळंतपणाची तारीख अलीकडे आली, मिस्टर आधीच मुंबईला गेलेले, आणि माझं त्याच रात्रीच्या गाडीचं तिकीट. दुपारी सामान बांधून दार लावून पाहिलं तर कुलूप लागेचना. घर उघडं टाकून जाणार कुठे? समोरचे शेजारी अहमदाबादला गेलेले. आमचा नेहमीचा सुतार फोन उचलेना. म्हणून नेटवर पाहिलं. सगळ्यात वर एक जाहिरात होती, अलकापुरीचा पत्ता, भरपूर तारे, "तीस मिनिटांत घरपोच".

दोघं जण आले. एक बोलणारा, एक पिशवी धरणारा. बोलणाऱ्याने दार उघडं असतानाच चावी घातली आणि फिरवली. चावी फिरली. एकदम सुळकन. कुलपाची जीभ पूर्ण बाहेर आली, पुन्हा आत गेली. त्याने दोनदा फिरवली आणि दोन्ही वेळा तो टक्क असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

तोच तो क्षण. आजही रात्री झोप येत नाही तेव्हा तोच आवाज कानात येतो. दार उघडं असताना चावी सहज फिरते आणि दार बंद केल्यावर अडते, तर दोष कुलपात नसतो. दोष दाराच्या बैठकीत असतो. जीभ चौकटीतल्या भोकात शिरायच्या ऐवजी भोकाभोवतीच्या पट्टीच्या काठावर आपटत असते. ही गोष्ट कुलपं दुरुस्त करणाऱ्या कोणालाही पहिल्या दिवशी शिकवतात. त्या माणसाला ती ठाऊक नव्हती असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

आणि मी गप्प बसले नव्हते. "अरे, अब तो घूम गया!" असं मी त्याला तिथल्या तिथे म्हटलं. त्यावर त्याने मान हलवली आणि म्हणाला, "आंटीजी, खाली में घूमता है, लोड पे नहीं घूमेगा. अंदर की पिन घिस गई है. रात को जाम हो गया तो पूरा दरवाज़ा काटना पड़ेगा." माझ्या बॅगा हॉलमध्येच उभ्या होत्या, त्या त्याने पाहिल्या होत्या. गाडी किती वाजता, हेही त्याने बोलता बोलता काढून घेतलं होतं. ज्याची गाडी सुटायची वेळ होत आली आहे त्याला "दरवाज़ा काटना पड़ेगा" म्हटल्यावर तो काय करणार? तुम्ही काय केलं असतं?

मग ड्रिल निघालं. हे लक्षात ठेवा : चावी तुमच्या हातात आहे, ती कुलपात जाते, फिरते, तर ड्रिलचा प्रश्नच येत नाही. चावी हरवली आणि दुसरा काहीच इलाज चालला नाही, तर शेवटचा उपाय म्हणून सिलिंडर, म्हणजे कुलपातला चावी घालायचा भाग, फोडतात. चावी असेल तर तोच सिलिंडर दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढून, चावी जराशी तिरकी करून, अख्खा बाहेर ओढता येतो. पाच मिनिटांचं काम. त्याने फोडला, कारण फोडलेला सिलिंडर परत बसवता येत नाही. उंबरठ्यावर पितळेचा पिवळा भुसा सांडला, पायपुसण्यात अडकला, अजूनही झटकलं की दोनचार कण चमकतात. फुटलेला सिलिंडर मात्र पिशवीवाल्याने "स्क्रैप है" म्हणून उचलून नेला. पुरावाच नेला.

नवा सिलिंडर खोक्यातून नाही, साध्या प्लास्टिकच्या पुडीतून निघाला. चाव्यांचं पाकीट आधीच उघडलेलं. बसवून झाल्यावर त्याने दार लावलं आणि चावी फिरवताना दुसऱ्या हाताने हँडल वर उचलून धरलं. मी म्हटलं, उचलावं का लागतं? तर म्हणे, "नया है, थोड़ा टाइट रहेगा." बघा, दार खाली उतरलं आहे हे त्याला माहीत होतं! उचललं की जीभ भोकासमोर येते, हे माहीत होतं! जुन्या कुलपासह हीच युक्ती मला सांगितली असती तरी मी त्या रात्री निर्धास्त गेले असते, फुकटात.

हिशेब असा, त्याने मोबाइलवर दाखवला तसा : व्हिजिटिंग 199, "ओपनिंग आणि ड्रिलिंग" 1,200, "हाय सिक्युरिटी" सिलिंडर 4,850, "अलाइनमेंट" 1,500, तीन चाव्यांचे 350 प्रमाणे 1,050. बेरीज 8,799. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,583 रुपये 82 पैसे. वरचे 2 रुपये 82 पैसे त्याने सोडले आणि 10,380 मागितले. अलाइनमेंटचे 1,500 घेतले ते नेमकं जे केलंच नाही त्याचे.

मी बिल मागितलं. "व्हॉट्सअ‍ॅप पे आ जाएगा." मी म्हटलं, बिल येईल तेव्हा पैसे देईन. त्यावर आवाज बदलला. "ठीक है, सिलेंडर निकाल के ले जाते हैं." म्हणजे दाराला आरपार भोक ठेवून जाणार. संध्याकाळ झालेली, मी घरात एकटी, पुढ्यात दोन पुरुष, रिक्षा खाली उभी. मी क्यूआर कोड स्कॅन केला. स्क्रीनवर जे नाव आलं ते ना कंपनीचं होतं, ना त्या माणसाने सांगितलेलं. बिल आजतागायत आलेलं नाही.

जीएसटीबद्दल एवढं माहीत असू द्या. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी वसूल करण्याचा अधिकारच नाही. नोंदणी असेल तर बिलावर 15 अक्षरांचा नंबर लागतो, गुजरातचा असेल तर तो 24 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की धंद्याचं नाव दिसतं. काम सुरू होण्याआधी तो नंबर मागा. नंतर मागून काही उपयोग नाही.

मुंबईत नातीचं तोंड पाहिलं, पण मनात सारखं हेच की घराची चौथी चावी त्या माणसाच्या खिशात असेल. परत आले, दार उघडलं, पण पुन्हा लावायला गेले तर चावी अडलेली! उचलूनसुद्धा चावी फिरेना. शेवटी दांडिया बाजाराच्या बाजूला फुटपाथवर बसणाऱ्या एका वयस्कर चावीवाल्या काकांना घेऊन आले. त्यांनी कुलपाला हातही लावला नाही. आधी दार उघडं ठेवून चावी फिरवली. मग जिभेच्या टोकाला खडू फासला, दार लावलं, चावी जेवढी फिरते तेवढी फिरवली, उघडलं. चौकटीवरच्या पट्टीवर पांढरी खूण भोकाच्या खाली उमटली होती. वरच्या बिजागरीचे स्क्रू बोटाने हलत होते. त्यांनी ते काढून जास्त लांबीचे, चौकटीच्या लाकडात खोल जाणारे स्क्रू घातले, पट्टीची खालची कड कानशीने थोडी घासली. चावी एका बोटाने फिरायला लागली. घेतले 250 रुपये, आणि "पावसात रंधा मारू देऊ नका, दार सुकल्यावर फट पडेल" हा सल्ला वर.

फुगलेल्या दाराला ऐन पावसाळ्यात तासून घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. कोजागरीनंतर लाकूड बसतं आणि मग हिवाळ्यात दार खडखडतं.

कुलूप फोडणारे जी दुसरी गोष्ट सांगतात ती "पिन घिस गई". खरं म्हणजे बऱ्याचदा चावी झिजलेली असते. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट, त्यावरून तिसरी, असं करत आपण पहिली मूळ चावी कपाटात टाकतो आणि तिसरी वापरतो. मूळ चावी काढून लावून पाहा. नवी करायची तर मूळ चावीवरूनच करा. कुलपात खोबरेल तेल तर अजिबात घालू नका. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घालतात, पण त्यात धूळ बसून चिकट गाळ होतो. ग्रॅफाइट पावडर घाला. ती नसेल तर मऊ शिशाची पेन्सिल चावीच्या दातांवर घासून चावी आतबाहेर करा. नाइट लॅच, म्हणजे दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, असेल तर फोन करण्याआधी आतलं छोटं बटण पाहा, ते चुकून ओढलेलं असलं तरी लॅच हलत नाही, आणि त्याचेही हजारो रुपये घेणारे आहेत.

सिलिंडर मी पुन्हा बदलला, तो चौथ्या चावीची धास्ती जावी म्हणून. मांडवीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून सीलबंद खोक्यातला, नावाजलेल्या कंपनीचा, 720 रुपयांना. काढला आणि बसवला मीच. एकच काळजी घ्यायची : जुना सिलिंडर दुकानात नेऊन मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजूंची लांबी जुळवून घ्यायची, नाहीतर नवा दाराबाहेर डोकावतो. आणि त्या दुकानदाराने माझ्याकडचा 4,850 वाला हातात घेऊन काय म्हटलं माहीत आहे? "बेन, आ तो साडाचारसोनो माल छे." साडेचारशेचा!

आता तक्रारीचं ऐका, कारण खरा संताप तिथे आहे.

पोलिसात गेले. पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतः बोलावलंत ना? स्वतः पैसे दिलेत ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे, ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं, दाराला भोक ठेवून जाण्याची धमकी दिली. "मारलं का?" नाही. "मग?" म्हणजे मार खाल्ला असता तरच तक्रार लिहिली असती का? खोटं सांगून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा आहे, हे मी वाचून गेले होते. तो कागद त्यांनी हातातही घेतला नाही. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, फोन केला तर म्हणाले, हा सायबर गुन्हा नाही, माणूस प्रत्यक्ष घरी आला होता. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार वैध आहे. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव माझ्या स्क्रीनवर आहे, व्यवहाराचा नंबर माझ्याकडे आहे, आणि बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात तक्रारच होत नाही, पत्र कसलं!

ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे निदान नीट ऐकून घेतलं. पण कंपनीचं नाव? बिल? तेच तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही, हे चांगलंच आहे. पण नोटीस कोणाच्या पत्त्यावर काढायची? अलकापुरीतल्या "त्या" पत्त्यावर मी स्वतः जाऊन आले. तिथे कपड्यांचं दुकान आहे, आणि दुकानदार वैतागलेला, कारण त्याच्याकडे असे लोक येतच असतात. म्हणजे अनेक जण येऊन जातात, सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी हलत नाही. जाहिरात देणाऱ्या वेबसाइटला "चुकीची माहिती" म्हणून कळवलं. ती नोंद गेली. थोड्या दिवसांनी तोच फोन नंबर दुसऱ्या नावाने, मांजलपूरच्या पत्त्यावर, तेवढ्याच ताऱ्यांसह परत आला.

सुरक्षित कॉलनीत राहणाऱ्या बाईचे दहा हजार गेले तर कोणाचं काय जातं, हा भाव मला प्रत्येक टेबलावर दिसला. पेन्शनवर जगणाऱ्या एखाद्या आजोबांचे गेले असते तर? त्यांनी चकरा मारायच्या का?

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर थांबू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली तीच तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी, टपालाने पाठवता येते. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे, पोच जपून ठेवली आहे. सोबत पेमेंटचा स्क्रीनशॉट, कॉलची नोंद, दुकानदाराने दिलेलं 720 चं पक्कं बिल आणि पायपुसण्यातला तो पितळेचा भुसा एका पाकिटात, त्याचा फोटो.

घरी कोणी आलंच तर ड्रिल काढण्याआधी पूर्ण रकमेचा आकडा कागदावर लिहून घ्या आणि सही घ्या. लिहीत नसेल तर दार दाखवा. जुना भाग, फुटलेला असला तरी, तुमचाच आहे, नेऊ देऊ नका. गाडीची वेळ सांगू नका. एकटे असाल तर शेजारच्या कोणाला तरी व्हिडिओ कॉलवर ठेवा.

बडोद्यात ज्यांच्याकडून असेच "199 व्हिजिटिंग" म्हणून हजारो घेतले आहेत, त्यांनी लाजून गप्प बसू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकाच प्रकारची तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने मिळून अर्ज करता येतो. पैसे कोणत्या नावाच्या खात्यात गेले तेवढं तुमच्या फोनमध्ये शोधून ठेवा. दोनचार जणांकडे तेच नाव निघालं, तर "दिवाणी बाब आहे" म्हणून कोणाला हात झटकता येणार नाहीत.