जागेच्या भूकंपीय तपासणीची सेवा : मोजमाप चोख, अहवाल अपुरा

सहा मजली इमारतीच्या पुनर्बांधणीपूर्वी आम्ही एका भूतांत्रिक सल्लागार संस्थेकडून जागेची भूकंपीय तपासणी करून घेतली. प्रत्यक्ष जागेवरचे काम उत्तम झाले. बोअर २४ मीटर खाली, थेट खडकापर्यंत नेले. शिवाय एका रेषेत जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारी उपकरणे) मांडून, हातोड्याच्या आघाताने उठणाऱ्या पृष्ठतरंगांवरून मातीतील कातरतरंगांचा, म्हणजे मातीला आडवे हलवत जाणाऱ्या तरंगांचा, वेग मोजला. हा वेग अनेकदा बोअरमधील भेदन चाचणीवरून (ठोके देऊन नळी मातीत किती सहज शिरते ते पाहणारी चाचणी) नुसता अंदाजला जातो, म्हणून या मोजमापाचे मला विशेष मोल वाटते.

अहवालाने मात्र निराशा केली. वरच्या ३० मीटरचा सरासरी वेग सेकंदाला १९० मीटर, म्हणून जमीन मध्यम गटातील, एवढे सांगून तो थांबला. वास्तविक मऊ थर किती जाड आहे आणि त्याचा आवर्तकाल (एक झोका पूर्ण होण्यास लागणारा वेळ) इमारतीच्या आवर्तकालाशी जुळतो का, यावर हादऱ्यांचे बरेच काही ठरते; दोन्ही जुळले तर इमारतीचे झोके वाढत जातात. १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटी केंद्रापासून ३५० किलोमीटरहून दूर होती; तरीही जुन्या तलावाच्या चिकणमातीवर, जिचा आवर्तकाल अनेक ठिकाणी २ सेकंदांच्या आसपास होता, मध्यम उंचीच्या इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या आणि त्याच भागातील बैठी घरे बहुतांशी उभी राहिली.

आमच्या जागेचा हिशेब दोन ओळींचा आहे. खडकावरील २४ मीटर थराच्या जाडीची चौपट, म्हणजे ९६ मीटर, भागिले थरातील सरासरी वेग सेकंदाला १६० मीटर (१९० च्या सरासरीत खालचा खडकही येतो), म्हणजे ०.६ सेकंद. मजल्यामागे ०.१ सेकंद या ढोबळ ठोकताळ्याने सहा मजली इमारतीचा आवर्तकालही तेवढाच येतो! इतकी गंभीर जुळणी अहवालात नोंदवलेलीच नव्हती.

लेखी विचारणा केल्यावर संस्थेने जमिनीची सूक्ष्मकंपने मोजून हा आकडा पडताळला आणि आमच्या जागेपुरता स्वतंत्र प्रतिसाद वर्णपटही (कोणत्या आवर्तकालाच्या इमारतीला किती हादरा बसेल हे दाखवणारा आलेख) जादा शुल्काशिवाय दिला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यावरून अभियंत्यांनी कातरभिंती (आडवे हादरे पेलणाऱ्या भक्कम भिंती) वाढवून इमारत अधिक ताठ केली. तीव्र हादऱ्यांत माती सैल पडून तिचा आवर्तकाल वाढतो, त्यामुळे इमारतीचा आवर्तकाल कमी करणे हीच योग्य दिशा होती. ही सेवा घेणाऱ्यांनी थराचा आवर्तकाल आणि स्थळनिहाय वर्णपट या दोन्ही गोष्टी कामाच्या आदेशातच लिहून घ्याव्यात.