हायब्रिड सायकल बेळगावात: एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम वापरल्यावर

पंधरा-वीस हजारांच्या टप्प्यातली अॅलॉय फ्रेमची हायब्रिड, म्हणजे रोड सायकल आणि माउंटन बाईक यांच्या मधली. टायर 700×40 (40 ही मिलिमीटरमधली रुंदी), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे 48-38-28 दात्यांच्या तीन चकत्या, मागे 14 ते 28 दात्यांचं सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा चकत्यांचा गठ्ठा). या किमतीत बहुतेक कंपन्या जवळपास सारखंच सामान लावतात, म्हणून नावात शिरत नाही. शाळा सुटल्यावर सायकलही सुटली आणि आता बदलीने किंवा नोकरीने बेळगावात येऊन पडलेत, अशांसाठी हे लिहिलंय. सायकल चांगली आहे. फक्त दुकानातून येते तशी ती इथल्या उतार-चढांची आणि तांबड्या मातीची नसते.

सगळ्यात आधी हवा. दुकानात अंगठ्याने दाबून टायर दगडासारखा कडक करून देतात. 40 च्या टायरला साधारण 70 किलोच्या माणसासाठी मागे 50 आणि पुढे 45 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा, रोजचं माप नव्हे. हवा उतरवली की हिंडलग्याकडचा खडबडीत डांबरी रस्ताही मनगटात बसत नाही. मात्र 35 च्या खाली गेलात तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तसं जोडपंक्चर दिसलं की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा असला तरी पेट्रोल पंपावर जपून, या टायरमध्ये हवा क्षणात जास्त होते. मीटरवाला उभा पंप घरी ठेवलेला बरा.

त्यानंतर सीट. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, ही उंची. नवशिका माणूस बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो आणि महिन्याभरात गुडघ्याची पुढची बाजू दुखायला लागते. मागची बाजू दुखत असेल तर सीट फार वर गेली. हात बधिर होत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा. रुंद जेल सीट घेण्याचा मोह टाळा, तासाभराच्या पुढे ती मांड्यांना घासते.

गिअरचं गणित इथे महत्त्वाचं, कारण सपाट रस्ता कॅम्पात आणि टिळकवाडीत संपतो. 28 पुढे, 28 मागे असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.2 मीटर जाते. उचगाव-बेकिनकेऱ्याकडे तेवढ्यावर भागतं, पण येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ सुरू झाला की भल्याभल्यांना उतरावं लागतं. मागे 14 ते 34 चं फ्रीव्हील बसवलं की तेच अंतर 1.8 मीटरवर येतं आणि बसल्या बसल्या चढता येतं. बदलण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) 34 दाते घेतो का हे विचारून घ्या. चेनही दोन-चार कड्यांनी लांब लागते. पैसे घालायचे तर इथे घाला, कार्बनच्या बाटली-स्टँडवर नकोत.

पहिल्या काही आठवड्यांत केबल ताणली जाते आणि गिअर आपोआप उड्या मारतो. घाबरायचं कारण नाही. मागच्या डिरेलरवरचा गोल अॅडजस्टर अर्धा फेरा बाहेर फिरवायचा, चालवून बघायचं, लागला तर आणखी अर्धा. डिरेलर कुठवर सरकेल ते ठरवणाऱ्या, एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना मात्र हात लावू नका. दुसरं, डावा क्रँक, म्हणजे पायडल लावलेला दांडा. बोल्ट ढिला राहिला तर प्रत्येक फेऱ्याला टक-टक येते. तसंच रेटलं तर अॅलॉयचं चौकोनी भोक रुंद होतं, मग कितीही आवळा, बसत नाही, नवा क्रँकच घ्यावा लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे काढताना लक्षात ठेवा.

आता पावसाळा. मिरगापासून गणपतीपर्यंत ही सायकल खरी कळते. सीटच्या दांड्याला अडकवायचं छोटं मडगार्ड शोभेचं आहे. पूर्ण लांबीचं, 50 मिलिमीटर रुंद घ्या आणि टायरपासून बोटभर अंतर ठेवा. खानापूर, जांबोटीकडची तांबडी माती धुऊन निघते. पूर्वेला बैलहोंगलच्या वाटेवरचं काळं रान सोडत नाही: पाऊस पडून गेल्यावर बांधावरच्या वाटेने शंभर पावलं गेलात तरी चाक मडगार्डात रुतून बसतं. तिकडे पावसात डांबर सोडू नये. वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा जाताना सुळगा-शिनोळी धरा. सीमा ओलांडून चंदगड तालुक्यात पोचेपर्यंत वारा तोंडावर, परतताना पाठीशी. उलट केलंत तर दमल्यावर वाऱ्याशी झगडावं लागेल.

तांबड्या मातीतली वाळू ब्रेक पॅड झपाट्याने खाते. लिव्हर हँडलला टेकायला लागला की बहुतेक जण नुसती केबल ओढतात; आतल्या बाजूचा स्थिर पॅड एलन चावीने पुढे घेतलाच नाही तर डिस्क एकीकडे वाकत राहते. डिस्कवर तेलाचा थेंब पडला की ब्रेक किंचाळतो. स्पिरिटने पुसा, तरीही ओरडला तर पॅड तेल प्यालेत, बदला.

चेनला जुनं इंजिन ऑईल नको, त्यात आधीच धातूचा कीस असतो. कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटे फिरवून थोडा वेळ थांबा, मग बाहेरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते. झीज मोजायला फूटपट्टी पुरते: बारा पूर्ण जोड (आतलं आणि बाहेरचं कडं मिळून एक) बरोबर 12 इंच भरले पाहिजेत. 1/16 इंच जास्त भरले तर चेन बदला, 1/8 झाले तर फ्रीव्हीलही गेलं.

ऊस हंगामात प्रश्न सायकलीचा नसतो, रस्त्याचा असतो. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, बाजूला लोंबणारा ऊस. अंधारात मागचा लाल दिवा, रिफ्लेक्टरचं जाकीट आणि पुढे निदान 300 ल्युमेनचा दिवा हवाच. ट्रॉलीच्या डावीकडून घुसू नका. रेल्वे रूळ ओले असतील तर काटकोनात ओलांडा.

नव्या माणसाला या सायकलीचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे गाव कळतं. पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी पश्चिमेच्या गावांत वाट मराठीत विचारता येते, पूर्वेला «बेळगाविगे दारी यावुदु?» एवढं पाठ असलं तरी काम होतं.

सुटे भाग हा कच्चा दुवा. गावच्या दुकानात 28 इंची टायर मिळतो, पण तो काळ्या सायकलीचा, 635 मिलिमीटर रिमचा. आपली रिम 622 ची; तो टायर घट्ट बसणार नाही. ट्यूब मात्र नड भागवायला चालते. म्हणून जांबोटीच्या पुढे जायचं तर एक 700 ची ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि एलन चाव्या पिशवीत हव्यात. आणि फक्त खडे बाजारातून भाजी-किराणा आणायचा असेल तर ही घेऊच नका. बिनगिअरची, कॅरिअरवाली सायकल निम्म्याहून कमी किमतीत तेच काम जास्त नीट करते.