विश्रामबागेतली आमची मेस: जेवण बरं, हिशोब एक नंबर

यंदा ज्यांची सांगलीत ऍडमिशन झालीय आणि घरचे 'जेवायचं काय करणार' म्हणून डोकं खातायत त्यांच्यासाठी लिहितोय, मी वर्षभर जेवलोय इथं, एफवाय नुकतंच संपलं. मेसला बोर्ड नाही, नाव नाही, सगळे 'काकूंकडं' म्हणतात. विश्रामबागेत तशी मेसची कमी नाहीच, विलिंग्डन कॉलेज 1919 चं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज 1947 चं, म्हणजे बाहेरगावच्या पोरांना जेवायला घालायचा धंदा इथं पिढ्यानपिढ्या चाललाय.

रेट आधी सांगतो. दोन वेळचं महिन्याला तीन हजार, ऍडव्हान्स पाच तारखेच्या आत, फोनपे चालतं. तीन चपात्या, भाजी, आमटी, भात, आणि खर्डा मागाल तेवढा. खर्डा खरंच भारी आहे, हिरव्या मिरचीचा, शेंगदाणे घालून तव्यावरच रगडलेला, काही दिवस मी निव्वळ त्याच्यावर जेवलोय कारण भाजी परत मटकीचीच होती. मटकी लई होते हो, आठवड्यातनं तीनदा म्हणजे जरा जास्तच. भात रात्री गिचका झालेला असतो, आणि नऊनंतर गेलात तर चपात्या गार. बुधवारी शाळूची भाकरी आणि झुणका, त्या दिवशी मात्र लवकर जा, आठ वाजता भाकरी संपते.

पण मी चार स्टार देतोय ते जेवणाला नाही, खाड्याच्या वहीला.

काकूंकडं लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही असते, प्रत्येक पोराचं एक पान. संध्याकाळी जेवायला येणार नसाल तर सकाळी नऊच्या आत सांगायचं, त्या निळ्या पेनानं तारखेपुढं 'खा' लिहितात आणि पुढच्या महिन्यात एका जेवणाचे चाळीस रुपये वळते करतात. नऊ वाजून पाच मिनिटं झाली की विषय संपला. सुरुवातीला मला हे लई जाचक वाटायचं, घरी कुणी कधी विचारलेलं की रात्री जेवणार आहेस का, ताट वाढलेलंच असायचं. इथं सकाळी उठल्या उठल्या विचार करावा लागतो की आज प्रॅक्टिकल किती वाजता सुटेल, ग्राफिक्सच्या शीटा राहिल्यात का, पोरं मिरजेला जायचं म्हणतायत ते खरंच जाणार का नुसतं म्हणतायत. माझ्या दिवसाला टाइमटेबल लावलं ते कॉलेजनं नाही, या चाळीस रुपयांनी.

दिवाळीनंतरच्या महिन्यात माझे दोन खाडे वहीत धरलेलेच नव्हते. आता बघा, तोवर ऍडमिशन असो, बँक असो, बोलायचं काम आमच्या पप्पांचं, मी मागं फाईल धरून उभा. ऐंशी रुपयांसाठी पप्पांना जतवरनं बोलवायचं का मग? दोन दिवस घोळवलं आणि बोललो, 'काकू, जरा माझं पान बघता का.' त्यांनी चष्मा लावला, मोबाईलवरचा माझा मेसेज बघितला, पानावर दोनदा 'खा' लिहिलं आणि म्हणाल्या, 'मग आधी बोलायचं की रं बाळा, तोंड कशाला दिलंय देवानं.' एवढंच. ना चिडचिड, ना कटकट. त्याच आठवड्यात महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा, फॉर्म कुठवर आलाय ते विचारायला मी एकटाच ऑफिसच्या खिडकीवर गेलो, आवाज थोडा कापला, पण काम झालं.

बसायचं म्हणाल तर चारचार जणांची टेबलं, जिथं जागा तिथं बसायचं, दोस्तासाठी जागा धरलेली काकूंना चालत नाही. त्यामुळं माझ्या समोर कधी एमपीएससी करणारा दादा, कधी विलिंग्डनची पोरं, कधी एखादा बँकेतला नवीन बदली होऊन आलेला साहेब. पहिला महिनाभर मी मान खाली घालून जेवायचो. व्हायवात सर काय विचारतात, सेकंडहँड पुस्तकं कुठं मिळतात, केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तरी जग बुडत नाही, हे सगळं मला त्या टेबलांवर कळलं. 2019 च्या महापुराचंही तिथंच ऐकलं, सांगलीचा जुना गावभाग पाण्यात होता तेव्हा काकूंनी रोज शंभरावर माणसांचा स्वयंपाक केला, वहीबिही सगळी बाजूला ठेवून. ते सांगताना मात्र त्या हिशोबाचं अवाक्षर काढत नाहीत.

वाईट काय, तर रविवारी रात्री बंद. त्या रात्रीचं आपलं आपण बघायचं. मी आणि रूममेटनं आधी भडंगवर काढलं, मग हॉटेलची बिलं बघून अंडाभुर्जी शिकलो, आता आमची भुर्जी मेसच्या मटकीपेक्षा बरी होते असं मी म्हणतो, रूममेट म्हणत नाही. हात धुवायला एकच नळ आहे, आणि पंखा फक्त खिडकीकडच्या टेबलावर लागतो, एप्रिलमध्ये तिथं बसायला मारामारी.

आई-वडलांना सोबत घेऊन गेलात तर काकू सगळं त्यांनाच समजावून सांगतात, म्हणून एकटेच जा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते, पैसे भरायच्या आधी एक वेळचं जेवून बघतो म्हणा, त्या नाही म्हणत नाहीत. बुधवारचं मागू नका, तो दिवस बघून फसाल.