मराठवाड्याच्या हवेत स्टाईनवे: कोटीचा पियानो घ्यावा का?

स्टाईनवेचं मॉडेल बी म्हणजे २११ सेंटिमीटर लांबीचा, साडेतीनशे किलोच्या आसपासचा ग्रँड पियानो. अमेरिकेतच त्याची किंमत लाख डॉलरच्या पुढे जाते. कस्टम, जीएसटी आणि मुंबईहून गाडीभाडं धरलं तर जालन्याच्या किंवा लातूरच्या दिवाणखान्यात पोचेपर्यंत तो कोटी ओलांडतो. एवढ्या पैशात मिळतं काय, आणि जे मिळतं ते इथल्या हवेत टिकतं का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिल्याचं उत्तर चांगलं आहे. दुसऱ्याचं उत्तर पियानोपेक्षा खोलीवर जास्त अवलंबून आहे.

आधी चांगलं सांगतो. कंपनी न्यूयॉर्कची, १८५३ सालची. १८८० पासून हॅम्बुर्गलाही कारखाना आहे. पियानोची कड, म्हणजे रिम, लाकडाचे पातळ थर चिकटवून एकाच वेळी साच्याभोवती वाकवतात. आतली कड आणि बाहेरची कड वेगवेगळी करून जोडत नाहीत. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारा लाकडी फळा, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा, मधे जाड आणि कडांकडे पातळ होत जाणारा. हे पेटंट १९३६ चं. परिणाम कानाला कळतो. मधल्या सप्तकांत सूर लवकर विझत नाही, आणि बोटाचा जोर वाढवला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगही बदलतो. यामाहाचा आवाज त्या मानाने एकसारखा, स्वच्छ आणि थोडा टणक.

पण हा फरक नीट लावलेल्या पियानोत ऐकू येतो. हातोड्यांचं फेल्ट सुईने टोचून आवाजाचा मऊपणा जुळवणं, म्हणजे व्हॉइसिंग, आणि बोटाने दाबायच्या पट्टीपासून हातोडीपर्यंतची सगळी मापं जुळवणं, म्हणजे रेग्युलेशन, ही कामं नव्या पियानोला पहिल्या दोन वर्षांत लागतातच. त्यांना एक-दोन दिवस जातात, आणि करणारा माणूस बहुधा मुंबई-पुण्याहूनच बोलवावा लागतो. त्याचा खर्च धरला नाही तर कोटी रुपये देऊन अर्धाच पियानो घरी येतो.

नावासाठी आकार कमी करू नये. स्टाईनवेचं सगळ्यात छोटं मॉडेल एस १५५ सेंटिमीटरचं आहे. खर्जाच्या तारा आखूड पडल्या की हव्या त्या सुरासाठी त्या जाड कराव्या लागतात, जाड तार ताठ होते, आणि खालच्या सप्तकातला सूर गढूळ येतो. हे भौतिकशास्त्र कुठल्याही नावाला चुकत नाही. १३१ सेंटिमीटर उंचीच्या चांगल्या अपराइटचा, म्हणजे उभ्या पियानोचा, खर्ज बऱ्याचदा अशा छोट्या ग्रँडच्या तोडीस तोड असतो, तोही फार कमी पैशात. ग्रँड घ्यायचाच तर १८५ सेंटिमीटरच्या खाली उतरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता हवा. ग्रँडमध्ये साधारण २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण २० टनांच्या घरात जातो. तो ओतीव लोखंडी चौकट पेलते, तिला ऋतूंचं काही वाटत नाही. लाकडाला वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की साउंडबोर्ड फुगतो, त्याचा मधला उभार वाढतो, त्यावरचा ब्रिज, म्हणजे तारांना टेकू देणारी लाकडी पट्टी, तारांना वर रेटतो आणि सूर चढतात. मधली सप्तकं जास्त चढतात, खर्ज कमी. त्यामुळे पियानो नुसता चढत नाही, स्वतःशीच बेसूर होतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर आणि आर्द्रता १५-२० टक्क्यांवर आली की हेच उलटं घडतं. वर्षाला १०-२० सेंटची ही हालचाल, म्हणजे अर्ध्या स्वराचा दहावा ते पाचवा हिस्सा, ट्यूनिंगने आवरता येते. खरं नुकसान त्याच्या पुढे सुरू होतं. ज्या लाकडी पट्ट्यात ट्यूनिंगच्या खुंट्या ठोकलेल्या असतात तो पिनब्लॉक वाळून आकसतो, खुंट्या सैल पडतात आणि लावलेला सूर आठवडाभरही धरत नाही. साउंडबोर्डला चीर जाते. पावसाळ्यात पट्ट्यांच्या भोकांतलं कापड फुगून पट्ट्या अडकतात, ते मात्र किरकोळ, तासाभराचं काम. आणखी एक गोष्ट: आर्द्रतेने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

हवं ते एवढंच, की खोलीची आर्द्रता वर्षभर ४० ते ५५ टक्क्यांच्या मधे राहावी. इथे बहुतेक जण चुकतात, कारण एसी लावला म्हणजे झालं असं धरून चालतात. मे महिन्यात बाहेरची ४२ अंशांची, १५ टक्क्यांची हवा २७ अंशांपर्यंत गार केली की तिची आर्द्रता आपोआप ३४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे उन्हाळ्यात एसी त्रास देत नाही, उलट मदत करतो. त्रास होतो तो फक्त रियाझापुरता एसी लावण्याने. बंद केला की खोली तापते, आर्द्रता विसाच्या खाली घसरते, आणि रोज हाच झोका सुरू राहतो. त्यापेक्षा २७-२८ अंशांवर सतत चालू ठेवलेला एसी बरा. पावसाळ्यात गंमत उलटी होते. बाहेर २५ अंशच असतात, त्यामुळे एसीचा कॉम्प्रेसर फारसा चालत नाही आणि ओल तशीच राहते. तिथे ओल शोषणारा वेगळा डीह्युमिडिफायरच लागतो.

उन्हाळ्यात ३४ वरून ४५ टक्क्यांवर जायला, ३०० चौरस फुटांच्या आणि दारं-खिडक्या नीट बंद असलेल्या खोलीत ह्युमिडिफायरला, म्हणजे हवेत ओल सोडणाऱ्या यंत्राला, दिवसाला ३ ते ५ लिटर पाणी लागतं. हे पाणी बोअरचं नको. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर ते पाण्यासकट हवेत उडवतो आणि तारांवर पांढरी भुकटी बसते. काही महिन्यांत तिथूनच गंज धरतो. आरओचं पाणी घाला, किंवा ओल्या पॅडमधून हवा सोडणारं यंत्र घ्या आणि पॅड बदलत जा. पियानोच्या पोटाखाली बसवायची डॅम्प-चेसर ही व्यवस्था चांगली आहे: ओल देणारी टाकी, कोरडं करणाऱ्या कांड्या आणि मधे नियंत्रक. वीज फार खात नाही, इन्व्हर्टरवर चालते, म्हणजे भारनियमनातही काम थांबत नाही. पण ती खोलीची जागा घेत नाही, खोलीला हातभार लावते.

डेझर्ट कूलरबद्दल एकच वाक्य: तो मोजमाप नसलेली ओल भरतो, पियानोच्या खोलीत नको. कोटीचा पियानो आणि बाजूला खिडकीतला कूलर, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पियानो बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या उन्हात किंवा एसीच्या झोतात ठेवू नये. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत आवाज कर्कश घुमतो. जाड सतरंजी आणि पुस्तकांचं एखादं कपाट यांनी बराच फरक पडतो. झाकणावर फुलदाण्या आणि गौरी-गणपतीची आरास ठेवणाऱ्यांना काय सांगावं! पाण्याचा एक थेंब खुंट्यांवर उतरला तरी त्या गंजतात. फेल्टला कसर आणि पट्ट्यांखाली उंदीर लागतात, म्हणून अधूनमधून पट्ट्यांचा संच बाहेर ओढून साफ करून घ्यावा.

ट्यूनिंग वर्षातून किमान दोनदा: एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस सरून हवा बसल्यावर. पहिल्या पावसानंतर लगेच लावून घेतलं तर ते पैसे पाण्यात, कारण लाकूड अजून फुगतच असतं. पहिल्या वर्षी नव्या तारा ताणत राहतात, म्हणून तीन-चार वेळा. संभाजीनगर, जालना, परभणीच्या दोन-तीन पियानोवाल्यांनी आणि शाळांनी मिळून एकच फेरी ठरवली तर प्रवासखर्च वाटला जातो.

मग घ्यावा कोणी? वर्षभर खोली सांभाळणारी माणसं असलेल्या संस्थेने, आणि रोज दोन-तीन तास वाजवणाऱ्या, कान तयार झालेल्या माणसाने. घरासाठी यामाहा सी३एक्स (१८६ सेंटिमीटर) किंवा कावाई जीएक्स-२ (१८० सेंटिमीटर, आमच्या मर्यादेच्या किंचित खाली, पण इथे सूट देतो) पुरेसे आहेत, आणि स्टाईनवेच्या साधारण निम्म्यात किंवा त्याहून कमीत येतात. कावाईच्या अ‍ॅक्शनमधले (पट्टी दाबली की हातोडी उचलणाऱ्या यंत्रणेतले) बरेच भाग लाकडाऐवजी कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचे असतात. ते पावसाळ्यात फुगत नाहीत, आणि आपल्याकडे हा मुद्दा नावापेक्षा वजनदार आहे. वाचलेल्या पैशात खोली होते. मुलं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा देत असतील तर यामाहा यू१ अपराइट भरपूर झाला. गुंतवणूक म्हणून स्टाईनवे घ्या, हे विक्रेत्याचं वाक्य इथे सोडून द्यावं. विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मुंबईत शोधावं लागेल आणि जाण्या-येण्याचा खर्च किमतीतून जाईल.

जुना स्टाईनवे स्वस्तात मिळतोय असं कळलं तर लोखंडी चौकटीवरचा अनुक्रमांक पाहून साल काढा. पिनब्लॉक आणि साउंडबोर्ड बदलले असतील तर कोणी आणि कशाने, हे लेखी मागा. साउंडबोर्डच्या खालच्या बाजूने, त्याला चिकटवलेल्या सर्वांत लांब आडव्या लाकडी पट्टीलगत दोरा ताणून धरा. मधे फट दिसली तर उभार शिल्लक आहे. दोरा सपाट चिकटला तर उभार गेला असं समजा. ट्यूनरला सोबत नेऊन खुंट्या किती घट्ट आहेत ते तपासून घ्या.

कोटेशनमध्ये घरपोच वाहतूक, पाय काढून सरळ बाजूवर उभा करून नेणारी पियानोचीच माणसं (साधे पॅकर्स नकोत), तीन आठवडे नव्या हवेत बसू दिल्यानंतरचं पहिलं ट्यूनिंग आणि वर्षाच्या आत एक पूर्ण रेग्युलेशन, हे चारही किमतीत धरून लिहून घ्या. आगाऊ रक्कम त्यानंतर.