रत्नागिरीतील मूत्रविकार दवाखाना : दुर्मीळ कर्करोगाची कारणे मोकळेपणाने सांगणारी सेवा

माझ्या थोरल्या काकांच्या शिश्नमुंडावर एक जखम बरेच महिने भरत नव्हती आणि गावात ती गरमी, म्हणजे गुप्तरोग, समजून नुसती मलमे लावली जात होती. जांघेत अवधाण आल्यावर आम्ही त्यांना रत्नागिरीतील एका खाजगी मूत्रविकारतज्ज्ञांकडे नेले. बायोप्सीत शिश्नाचा कर्करोग निघाला. पुढील उपचारांसाठी त्यांनी परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. मात्र हा आजार का होतो, हे इथे जसे समजले तसे दुसरीकडे कुणी सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून आधी फायमोसिस समजावले. पुढची त्वचा मागे सरकत नसेल, तर आत मळ साचतो, स्वच्छता राहत नाही आणि वर्षानुवर्षे दाह होत राहतो. काकांना मधुमेह आहे; साखर वाढलेली राहिली की तिथे वारंवार जंतुसंसर्ग होतो, त्वचेला बारीक भेगा पडतात आणि त्या भरताना त्वचा आवळत जाते. आयुष्यभर ट्रॉलरवर खलाशी म्हणून राबलेल्या काकांची तंबाखू-चुन्याची सवयही त्यांनी विचारून घेतली, कारण तंबाखू ओढली काय किंवा चघळली काय, या कर्करोगाचा धोका वाढतोच. त्वचेवर पांढरे चट्टे आणणारा लायकेन स्क्लेरोसस हा विकारही त्यांनी तपासून पाहिला.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते काकूंशी झालेले बोलणे. साधारण निम्म्या रुग्णांत एचपीव्ही विषाणू, विशेषतः त्याचा 16 क्रमांकाचा प्रकार, आढळतो आणि तो शरीरसंबंधातून पसरतो. परंतु उरलेल्यांत त्याचा संबंध दिसत नाही, शिवाय संसर्ग कित्येक वर्षे जुना असू शकतो, म्हणून या आजारावरून नवऱ्याच्या चारित्र्याचा निवाडा करू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. घरातले निम्मे ओझे तिथेच उतरले. नातवाला या विषाणूविरुद्धची लस देण्याबद्दल विचारल्यावर, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही-लसीला 9 ते 26 वयोगटातील मुलांसाठीही परवानगी आहे आणि ती संसर्गाआधी घेतली तरच खरा उपयोग होतो, हेही कळले.

उणीव आहे ती स्वागतकक्षाची. भरल्या बाकांसमोर मोठ्याने तक्रार विचारली जाते. अशा दुखण्यासाठी आलेला खेड्यातला माणूस तिथूनच माघारी फिरेल, आणि ही पद्धत दवाखान्याने तातडीने बदलायला हवी. बायोप्सीचा अहवाल आला का, हे विचारायला फोनही आम्हालाच करावा लागला.

जाताना साखरेचे जुने अहवाल आणि वापरलेल्या मलमांच्या नळ्या सोबत न्याव्यात, कारण स्टिरॉइडच्या मलमाने जखमेचे मूळ रूप झाकले जाते आणि डॉक्टर ते आवर्जून विचारतात.