रोपवाटिकेतलं ताम्हण: कुठलं रोप घ्यावं, कुठलं परत ठेवावं

पावसाच्या तोंडावर कुडाळपासून चिपळूणपर्यंत महामार्गालगतच्या रोपवाटिका भरतात. राज्यफूल म्हणून ताम्हणाला मागणी असतेच. झाड कोकणच्या परसात लावण्याजोगं आहे, पण पाटी वाचून पैसे देऊ नयेत. ‘ताम्हण’ म्हणून एकाच कुळीतली चार वेगळी झाडं हातात पडू शकतात.

चिनी मेंदी ओळखणं सर्वांत सोपं. तिची पानं दोन-अडीच इंचांपुढे जात नाहीत आणि कोवळी काडी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. ताम्हणाचं पान चार ते आठ इंच, लांबट, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. पान उलटं केल्यावर खालची बाजू पांढुरकी दिसली तर तो नाणा. तोही इथलाच, सुंदर पांढऱ्या सालीचा, पण फुलं बारीक आणि पांढरी. ‘प्राइड ऑफ इंडिया’ ही पाटी ताम्हण आणि चिनी मेंदी दोन्हींवर लागते, तेव्हा ती वाचली काय, न वाचली काय, सारखंच.

खरी फसगत चौथ्यात. थोरेली जातीचं रोप पानांवरून नवख्याला वेगळं काढता येत नाही. ती भराभर फुलते, म्हणून विक्रेत्यालाही सोयीची. फुलांनी भरलेली कुंडी समोर असेल तर फूल मोजा: ताम्हणाचं दोन ते तीन इंच, सहा चुरगळलेल्या जांभळ्या पाकळ्यांचं, आणि खालचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालची वाटी, ठळक उभ्या शिरांचा. थोरेलीचं फूल त्याच्या निम्मं असतं आणि जुनं होता होता पांढरं पडतं, त्यामुळे एकाच तुऱ्यात जांभळी-पांढरी सरमिसळ दिसते. फूल नसेल तर बी कुठल्या झाडाचं, हे विचारावं. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत याचं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, आणि रोपही स्वस्त.

सहा फुटी रोपाचा मोह नको. लहान पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं. असं झाड दोन वर्षं जागच्या जागी राहतं आणि पुढे वाऱ्यात कलतं. दोन-तीन फुटांचं, सरळ खोडाचं रोप बरं. पिशवीच्या तळाची वेटोळी मुळं लावताना कापून टाकावीत.

मातीच्या जागेत दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो. कातळावर तीन फूट घ्या आणि तळ पहारीने फोडा. त्यात माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी पाव किलो निंबोळी पेंड. हे मुळात ओढ्याकाठचं झाड, पावसात खड्ड्यात पाणी साचलं तरी तग धरतं. मरतं ते बहुधा पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात. तेव्हा आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी आणि बुंध्याभोवती पातेऱ्याचा जाड थर हवाच. मात्र पातेरा खोडाला चिकटू देऊ नये.

पानं गळण्याआधी तांबूस होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला झाड उघडं पडतं. नखाने साल खरवडून आत हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे, उपटायची घाई नको. कितीतरी ताम्हणं याच घाईत जातात.

उणिवाही आहेत. फुलांना वास नाही, तेव्हा अंगणात सुगंध हवा असेल तर बकुळ घ्या. नारळी-पोफळीच्या सावलीत ताम्हण उंच वाढतं, फुलत नाही. दिवसाचं सहा तास तरी ऊन हवं. थेट खाऱ्या वाऱ्यात, वाळूवर, उंडी जास्त भरवशाची. सुकलेली बोंडं महिनोन्‌महिने फांदीवर राहतात, ज्यांना अंगण चकाचक लागतं त्यांना ती खुपतील. ब्रशकटरची तार बुंध्याची साल सोलते, म्हणून भोवतालचं दोन फुटांतलं गवत हाताने काढावं.

घरापासून पंधरा फूट अंतर ठेवा आणि विजेच्या तारांखाली तर लावूच नका. बहर नव्या फुटव्यांच्या टोकाला एप्रिल-मेमध्ये येतो आणि तारांखालच्या फांद्यांची पावसाळ्यापूर्वीची छाटणीही तेव्हाच चालते. आकार द्यायचाच असेल तर पानं गळलेली असताना, नवी पालवी फुटण्याआधी, हलका हात फिरवावा.